वाटेची रेघ

मी तिसऱ्यांदा घाटावर जाऊन आले तेव्हा पाणी वाटेच्या रेघेखाली अडीच वीत होतं. मंगळवार होता, सकाळचे नऊ वाजून गेले होते, आणि ईशू माझ्या खांद्यावर झोपली होती. दहा महिन्यांची. तिला खाली ठेवलं की ती रडायची, आणि ती रडली की मला दुसरं काही ऐकू यायचं नाही, म्हणून त्या सकाळी मी तिला घेऊनच ये-जा करत होते.

"अडीच वीत," घरात शिरता शिरता मी सांगितलं.

मामा उंबऱ्यावर बसले होते. मामा म्हणजे माझे सासरे, तातोबा पाथरवट. त्यांनी मान वर केली नाही. "फोन काय म्हणतोय?" एवढंच विचारलं.

फोन काही म्हणत नव्हता. नदीवरच्या पुलाच्या खांबाला सरकारी यंत्र बसवून दोन वर्षं झाली होती. पाणी वाटेच्या रेघेखाली वीतभर राहिलं, की खालच्या आळीतल्या प्रत्येक फोनवर मेसेज येणार होता. तोपर्यंत निवांत राहा, असं ते यंत्र बसवणाऱ्या मुलांनी ग्रामपंचायतीत येऊन सांगितलं होतं.

वाटेची रेघ ही आमच्या डोहगावची गोष्ट आहे, ती आधी सांगायला हवी. वारणेला पूर आला की पाणी आमच्या खालच्या आळीत लगेच शिरत नाही. ते आधी मागून येतं. आळीच्या पाठीशी ओढा आहे, ओढ्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, आणि वरच्या गावाकडे जायची तेवढी एकच वाट. ती फरशी शेवटपर्यंत कोरडी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, अजून वेळ आहे. पण नदीनं खालचा बांध ओलांडला की सगळं पाणी ओढ्यात पडतं आणि अर्ध्या तासात फरशीवर छातीभर होतं. मग आळीचं बेट होतं, आणि वर पाणी चढतच असतं. म्हणून फरशीकडे बघून उपयोग नाही, घाटावरच्या दीपमाळेकडे बघायचं. नदी किती चढली म्हणजे बांध बुडतो, ती जागा दीपमाळेच्या दगडात कोरलेली असते. हातभर लांबीची आडवी रेघ. ती कोरायचा मान मामांच्या घराचा. त्यांच्या आज्यापासून चालत आलेला. नियम एकच होता: ज्यानं पाणी डोळ्यांनी बघितलं त्यानंच रेघ मारायची. ऐकीव रेघ मारायची नाही.

आत्ताची रेघ मामांनी दोन हजार पाच सालच्या पुरानंतर मारली होती. त्याच्या आदल्या वर्षी बांध उंच केला, फरशी नवी झाली आणि जुनी रेघ निकामी ठरली. त्याच पुरात माझ्या सासूबाई गेल्या. मी त्यांना फक्त फोटोत बघितलंय. फरशी ओलांडताना अचानक लोंढा आला, एवढंच मला लग्नात सांगितलं गेलं होतं.

"वृषाली," मामा म्हणाले, "पोरीचं दूध, कपडे घे आन् निघ."

"अजून अडीच वीत आहे, मामा."

"एकच वीत हाय."

मला वाटलं त्यांना दिसलं नसेल. मी परत सांगितलं, मी आत्ता हातानं मोजून आलेय, एक, दोन आणि अर्धी. ते उठले. कोपऱ्यातली दगड घडवायच्या टाक्यांची पिशवी काढून त्यातल्या एकेका टाकीची धार अंगठ्यानं बघायला लागले. पाठ माझ्याकडे होती.

"रेघ खोटी हाय," ते म्हणाले. "दीड वीत वर मारलीय. खरी जागा खाली हाय."

"कुणी वर मारली?"

"या गावात रेघा कोण मारतंय?"

मी पुढं काही विचारलं नाही. आज वाटतं, तेव्हाच विचारायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त हिशेब चालला होता. तासाला साधारण वीतभर पाणी चढत होतं. रेघ खोटी म्हणजे यंत्रही खोटं, कारण त्या मुलांनी दुर्बीण लावून याच रेघेवरून यंत्राचं माप घेतलं होतं. मेसेज येईल तेव्हा वाट बुडालेली असणार. आळीत एकवीस घरं होती. धनाजी, माझा नवरा, तिकडं तालुक्याला अडकलेला. तो कोनशिला करायच्या कारखान्यात यंत्रावर काम करायचा, ग्रॅनाइटवर अक्षरं कोरायचा. रस्ता आदल्या रात्रीच बंद झाला होता.

"तुम्ही पण चला," मी म्हटलं.

"आळी निघाली की निघतो."

मी ईशूला पोटाशी बांधलं, पिशवी घेतली आणि निघाले ती फरशीकडे नाही, शेजारच्या दारात. तिथून पुढच्या. आळीत माझं नाव आधीच झालेलं होतं. आदल्या वर्षी, ईशू पोटात असताना, साध्या पावसात मी पिशवी भरून वरच्या शाळेत जाऊन बसले होते. तेव्हापासून ढग आले की बायका मला विचारायच्या, सांगलीकरीण बाई, भरली का पिशवी? त्या दिवशी त्यांनी तेच विचारलं. एकीनं तर मला चहा प्यायला बस म्हटलं. मेसेज आला की सगळ्या मिळून जाऊ, म्हणाली.

भैरू गुरवांच्या दारात मामा माझ्या आधी पोचले होते. गुरव मामांच्याच वयाचे, महादेवाचे पुजारी. आळी त्यांचं ऐकायची. त्यांची म्हैस त्याच आठवड्यात व्यायची होती आणि ते तिच्या पाठीवर पोतं टाकत होते. मामा त्यांना सांगत होते आणि ते ऐकत होते, पण हात थांबत नव्हते.

"चौदा वर्सं तुझ्या रेघेवर इस्वास ठेवून आमी झोपतोय, तातोबा," ते म्हणाले. "आन् आज म्हंतोस खोटी."

"खोटी हाय म्हणून म्हंतोय."

"मग मारलीस कशाला?"

मामांची नजर म्हशीच्या दाव्यावर गेली. गुरवांनी माझ्याकडे बघितलं, पोटाशी बांधलेल्या ईशूकडे बघितलं, आणि त्यांना वाटलं त्यांना सगळं समजलं.

"सून घाबरलीया, तिच्यासाठी बोलतोयस व्हय. तिला पोचवून ये की मग. माणूस म्हातारपणी चळतो, तातोबा. दगड चळत न्हाई. तुज्या तोंडापेक्षा तुजी रेघ खरी."

मागं दोघं-तिघं हसले. मामांचा चेहरा मी तेव्हा बघितला. रागाचा नव्हता. बराच वेळ वाट बघितलेली गोष्ट समोर येऊन उभी राहावी तसा होता. ते वळले आणि घाटाकडं चालायला लागले. मी मागून हाक मारली. त्यांनी हातानंच फरशीकडं खूण केली. जा.

मी जायला हवं होतं. दहा महिन्यांचं लेकरू पोटाशी, वाट कोरडी, जायला सांगणारा माणूस घरचा. मी आळीच्या टोकापर्यंत गेलेही. तिथून फरशी दिसत होती, शेणानं सारवल्यासारखी स्वच्छ, कोरडी. मी थांबले. का थांबले ते मला अजून नीट सांगता येत नाही. एकटी ओलांडायची भीती वाटली, हे एक. आणि दुसरं, मी निघून गेले तर आळी म्हणेल, गेली पळून, आणि आणखी निवांत होईल, हेही मनात आलं होतं. कुठलं आधी आलं ते आता आठवत नाही.

तेवढ्यात टाकीचा आवाज आला.

पाण्यावरून आवाज कसा येतो ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. जवळ आल्यासारखा, कानाशी. टण्, टण्, मग थांबून पुन्हा. मी धावत घाटाच्या वळणावर गेले. मामा दीपमाळेच्या जोत्यावर कमरेइतक्या पाण्यात उभे होते. धोतराचा सोगा दीपमाळेला गुंडाळून त्यांनी स्वतःला बांधून घेतलं होतं आणि खोट्या रेघेच्या खाली, पाण्याच्या जेमतेम अर्धी वीत वर, घाव घालत होते.

मी बाहेरून आलेली, मला त्या आवाजाचा अर्थ एका मिनिटानं कळला. आळीला लगेच कळला. रेघ पूर ओसरल्यावर मारायची असते, दगड वाळल्यावर. चढत्या पाण्यात टाकी वाजत नाही. त्या आळीत जन्मलेल्या कुणीही ती तशी वाजलेली ऐकली नव्हती. आधी बायका दारात आल्या. मग हौसाबाई, ज्यांना धड चालता येत नव्हतं, कुणी न सांगता गाठोडं घेऊन ओट्यावरून खाली उतरल्या आणि फरशीच्या दिशेनं चालू लागल्या. मला चहाला बोलावणारी बाई गॅस तसाच सोडून पोरांना ओढत निघाली. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. टाकीचे घाव, कोंबड्यांचा कलकलाट आणि चपलांचा चिखलातला आवाज, एवढंच.

गुरव घाटावर आले. मामा कुठे कोरतायत ते त्यांनी बघितलं. वरची रेघ बघितली, खालची बघितली, पाणी बघितलं. मग मागं फिरले आणि म्हशीचं दावं सोडलं.

मी चाळीस माणसांच्या मधोमध फरशी ओलांडली. ती तेव्हाही कोरडीच होती. डावीकडं बांध काठोकाठ भरलेला, वरून पाणी पडत नव्हतं पण बांधाची माती ओली होऊन काळी पडत चालली होती, आणि मी ईशूचं डोकं माझ्या हनुवटीखाली दाबून धरलं होतं इतकं की ती जागी होऊन रडायला लागली. मला तिचं रडणं ऐकू येत होतं आणि त्याच्या पलीकडं टाकी ऐकू येत होती. पहिल्यांदाच मला दोन्ही एकदम ऐकू येत होतं. पलीकडच्या चढावर पोचलो तेव्हा मागं वळून बघितलं. आळी रिकामी. म्हैस घेऊन शेवटी गुरवांचा मुलगा आला. गुरव आले नव्हते.

आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो. पाव तासानं बांधावरून पाणी पडल्याचा आवाज आला, ट्रकमधून खडी ओतल्यासारखा. टाकी थांबली की आवाजात बुडाली ते कळेना. फरशीचे लोखंडी पाइप दिसत होते, मग त्यांची टोकं, मग काही नाही. मी ते सगळं बघितलं. डोळे मिटले नाहीत.

अकरा वाजून वीस मिनिटांनी व्हरांड्यातले सगळे फोन एकदम वाजले. वीस-पंचवीस फोन, एकाच सुरात. कुणी उघडून वाचला नाही. माझ्या शेजारच्या बाईनं फोन पालथा करून मांडीखाली ठेवला.

बाराच्या सुमाराला गुरव आणि मामा काहिलीतून आले. गूळ करायची ती मोठी काहील. गुरवांनी गुऱ्हाळातून ओढून आणली होती. शेतांवरून भोवरे घेत ती शाळेच्या उताराला लागली तेव्हा मामांच्या दोन्ही हातांची सालं निघाली होती आणि ते उभे राहू शकत नव्हते. गुरवांनी स्वतःचा कोरडा टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला.

संध्याकाळी शाळेत गाव जमलं. मामांना विचारणं भागच होतं. भिंतीला टेकून, खाली बघत, त्यांनी एवढंच सांगितलं: त्या वर्षी बायको गेली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. पाणी बघितलं नव्हतं. ऐकीव रेघ मारली. चूक झाली.

मग कुणी म्हणालं, माणूस आहे, बायकोच्या दुःखात होतो घोटाळा. आज वाचवलंत ते बघायचं. हौसाबाईंनी तर हात जोडले. मामांनी त्यांचे हात धरून खाली केले, आणि त्या धरण्यात मला काहीतरी बरोबर वाटलं नाही. पण ईशूला ताप होता, आणि मी तिच्या कपाळावर ओली घडी ठेवत बसले.

पाणी नऊ दिवसांनी उतरलं. दहाव्या दिवशी धनाजी आला. मी आणि मामा घरातला गाळ उपसत होतो. घरात पाणी छातीच्या वर गेलं होतं. भिंतीवर ओल दिसत होती. त्यानं ईशूला घेतलं, माझ्याकडं दिलं, परत घेतलं, तिचा वास घेतला. मामांचे, त्याच्या आबांचे, हात बघितले. मग सगळ्यांकडून सगळं ऐकून तो घाटावर गेला. कामावरची टेप त्याच्या खिशात असायचीच. तो केसाच्या जाडीची मापं करणारा माणूस होता; यंत्रावर अक्षर अर्धा मिलिमीटर सरकलं तर कोनशिला वाया जायची.

परत आला तो दारातच उभा राहिला.

"तेरा इंच," तो म्हणाला. "दोन रेघांत तेरा इंच फरक आहे, आबा."

मामा फावड्यानं गाळ ओढत राहिले.

"ऐकीव मारली म्हणता. कुणाकडून ऐकलं?"

"झालं की आता. बोललोय मी गावापुढं."

"गावानं विचारलं नाही, मी विचारतोय. त्या वर्षी आळी आदल्या दिवशीच वर गेली होती. तुम्ही पुराचं पाणी बघायला मागं राहिलात, आई तुमच्यासाठी थांबली. खाली तुम्ही दोघंच होतात. मग कुणी सांगितलं तुम्हाला?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मला तेव्हा एखादं नाव घेता आलं असतं, कुणा मेलेल्या माणसाचं. ते माझ्याकडून तेच मागत होते, असं मला वाटलं. मी ईशूच्या पायाचा गाळ पुसत राहिले.

"कुणी न्हाई," मामा म्हणाले. त्यांनी फावडं भिंतीला उभं केलं, नीट, पडणार नाही असं. "मी बघितलं हुतं. बांधावरनं पाणी पडाया लागलं तवा मी दीपमाळेपाशीच हुतो. आवाज आला. कुठवर पाणी हाय ते बघून ठेवलं मी, अंगठ्याच्या नखानं खूण केली. मग तिच्याकडं आलो. ती दोन दिस म्हनत हुती, चला, चला. मी म्हटलं, तू हो म्होरं, वाट हाय अजून. मी पानी उभं ऱ्हायलं की येतो. फरशीवर तवाच गुडघाभर हुतं."

धनाजीनं टेप खिशात टाकली.

"दगडात खरी जागा मारली असती," मामा म्हणाले, "तर कुनीबी बघून म्हनलं असतं, वाट गेल्यावर बाईला धाडली. म्हणून वर मारली. वाट हुती, म्हणून धाडली, असं दगडानं म्हनावं म्हणून."

ते पुन्हा गाळ ओढायला लागले. धनाजी बाहेर गेला आणि रात्री शाळेत झोपला. दुसऱ्या दिवशीही तो घरी जेवला नाही. बापाशी बोलला नाही, माझ्याशीही फारसा नाही. मला माहीत असणार, असं त्याला वाटत होतं. मला माहीत नव्हतं. पण दारात गुरवांनी "मारलीस कशाला" विचारलं तेव्हाच्या मामांच्या तोंडावरून मला अंदाज यायला हवा होता, आणि मी तो येऊ दिला नव्हता. त्या दोन दिवसांत ईशूकडं बघताना माझ्या मनात सारखं येत होतं, की ती खोटी रेघ चौदा वर्षं आमच्या उशाशी होती आणि ती सांभाळणारा माणूस ईशूला रोज मांडीवर खेळवत होता.

तिसऱ्या दिवशी यंत्र बसवणाऱ्यांतला एक मुलगा आला, दुर्बीण आणि तिपाई घेऊन. माप नव्यानं लावायचं होतं. मामांची खालची रेघ त्यानं बघितली आणि म्हणाला, ही ओरखड्यासारखी आहे, दोन पावसाळ्यांत जाईल. धनाजी म्हणाला, ग्रॅनाइटची प्लेट करून देतो, यंत्रावर, आकड्यांसकट. मुलानं नकारार्थी मान हलवली. प्लेट बोल्टवर बसते, म्हणाला. बोल्ट गंजतो, कुणी परत बसवताना चार बोटं खालीवर करतं, आणि आमचं यंत्र तेच खरं धरून चालतं. दर वर्षी यंत्र तपासायला मला न हलणारी खूण लागते. दगडातच करा. तुमच्यात कोण करतं?

मामांचे हात अजून फडक्यात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजीनं टाक्यांची पिशवी उचलली. मी ईशूला घेऊन मागं गेले. मामाही आले, लांबून, आणि घाटाच्या पायरीवर बसले. धनाजीनं शिडी लावली. आधी त्यानं वरची रेघ घेतली. ती घाव घालून घालून इतकी टाचून काढली की तिथं रेघ राहिली नाही, नुसता खरबरीत पट्टा राहिला. त्याला लहानपणी शिकवलेलं होतं, पण वीस वर्षांत टाकीला हात लावला नव्हता. दोनदा टाकी सटकून बोटावर आली. तो थांबला नाही. मग खाली उतरून पाण्यात मारलेल्या त्या वाकड्या ओरखड्यावर टाकी टेकवली.

"इथंच ना?" त्यानं मला विचारलं.

मी त्या दिवशी पाणी बघितलं होतं. मी पुढं होऊन बोट ठेवलं.

तो तासभर कोरत राहिला. गुरव आले, बघून गेले. उन्हं वर आली. रेघ सरळ झाली, मग तिला कडा आल्या, मग तिच्यात सावली पडली. धनाजीनं फुंकर मारली, पीठ उडवलं, आणि टाकी खाली ठेवली.

"किती खोल गेली?" पायरीवरून मामांनी विचारलं.

धनाजीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. "दोन सूत," म्हणजे पाव इंच, असं मला म्हणाला.

"अजून दोन सूत न्हे," मामा म्हणाले.

धनाजीनं रेघेवरून अंगठा फिरवला. मग त्यानं टाकी उचलली.